नमो मारियाइतका वेळ

"नादा!" व्हिडिओ कॉलवर रामिरोची म्हातारी आई ओरडली.

"काही नाही म्हणते," रामिरो शेफने हाताखालच्या कुकला, वॉल्टरला, सांगितलं.

अबू धाबीच्या हॉटेलातल्या किचनमध्ये संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. मेक्सिकोत, रामिरोच्या गावी, सकाळचे सव्वाआठ. तिथल्या छोट्या टीव्ही स्टेशनने रातोरात जुनं प्रक्षेपण बंद करून डिजिटल सुरू केलं होतं. म्हातारीकडे नवा टीव्ही होता, अंगणात लोखंडी नळीवर अँटेना होता. चित्र तेवढं नव्हतं. साडेआठला गावच्या सणाची मिस्सा, चर्चमधली सामूहिक प्रार्थना, दाखवणार होते. चर्च टेकडीवर, आणि म्हातारीच्या गुडघ्यांनी दोन वर्षांपूर्वीच टेकडी सोडलेली.

"तुमच्याकडे सणाला बँड असतो?" वॉल्टरने विचारलं.

"असतो. फटाकेपण."

"आमच्या वसईत तसंच!" वॉल्टर फोनवर आणखी वाकला. हा सण कसा दिसतो ते त्याला बघायचंच होतं. "आईला सांग, नळी हळूहळू फिरव. पडद्यावरच्या मुंग्या कमी होतील तिकडे थांब."

रामिरोने आपल्या भाषेत सांगितलं. म्हातारीने फोन स्टुलावर टेकवला, दोन्ही हातांनी नळी धरली आणि खिडकीतून आत टीव्हीकडे बघत फिरवत राहिली. पूर्ण फेरा झाला.

"नादा! मुंग्या नाहीतच म्हणते. काळा पडदा आहे नुसता."

भांडी घासणारा सुदेश हात पुसत आला. "काय वॉल्टरदादा, इथे बसून मेक्सिकोचा अँटेना फिरवता? घ्या, पगार वाढवून घ्या."

"गप रे. इकडे मिस्सा चुकतेय."

वॉल्टर विचारात पडला. लहानपणी कौलांवर चढून त्याने शंभरदा अँटेना फिरवला होता. चित्र जवळ आलं की आधी मुंग्या विरळ व्हायच्या, मग माणसांच्या सावल्या दिसायच्या. हे नवं तसलं काहीच सांगत नाही? मग त्याला मेसमधला टीव्ही आठवला. धुळीचं वादळ येऊन गेलं की तो बराच वेळ काळा राहायचा आणि मग एकदम, लख्ख, सगळंच चित्र यायचं.

"शेफ, ती थांबतच नाही! चित्र यायच्या आत पुढे जाते. तिला सांग, बोटभर फिरव आणि हात काढ. दहा मोज."

रामिरोने सांगितलं. म्हातारीने बोटभर फिरवलं, तीनपर्यंत मोजलं आणि पुन्हा नळी धरली.

"घाई जात नाही तिची," रामिरो हताश झाला. "साडेआठ होत आले."

"मोजू नको म्हणावं." वॉल्टरने फोनच आपल्याकडे ओढला. "एक नमो मारिया म्हण म्हणावं. प्रार्थना मध्येच तोडायची नाही ती."

रामिरो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आईला सांगितलं.

म्हातारीने बोटभर फिरवलं, हात जोडले, ओठ हलले. आमेन. नादा. पुन्हा बोटभर, पुन्हा ओठ. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. वॉल्टरही पुटपुटू लागला.

सातव्या वेळी म्हातारीने आमेन म्हटलंच नाही. तिने खिडकीकडे पाहिलं आणि गुडघे विसरून आत पळाली. तिच्या पदरासारख्या शालीचा धक्का लागून स्टुलावरचा फोन उताणा पडला.

फोनमध्ये आता नुसतं निळं आकाश उरलं होतं आणि कोपऱ्यात अँटेनाचं टोक. "आई!" रामिरोने दोनदा हाक मारली. आत घरातल्या टीव्हीतून, अगदी बारीक, बँड वाजत होता.

"शेफ, यल्ला, चला लवकर, सात वाजता गेस्ट येतील," सुदेश म्हणाला. "ठेवा फोन. काही दिसत तर नाही."

रामिरोने बोट पुढे केलं. वॉल्टरने त्याचा हात धरला, दुसऱ्या हाताने डोक्यावरची पांढरी टोपी काढली आणि त्या आकाशाकडे बघत उभा राहिला.

"आलं का चित्र?" सुदेशने हळूच विचारलं.

"आलं," वॉल्टर म्हणाला.