बंपरच्या आतला दांडा

टेबलावर दोन इंटरकूलर मांडले होते. एक चांगला पाटाएवढा, दुसरा त्याच्या निम्मा. टर्बोतून येणारी तापलेली हवा इंजिनात शिरायच्या आधी गार करायची, एवढंच दोघांचं काम. पण दाजींची नजर मोठ्यावरून हलेल तर शपथ.

"हाच," दाजी म्हणाले. "गेल्या वेळी होता तसाच. काय पळायची गाडी!"

"छोटा घ्या," दादा म्हणाला. गॅरेज त्याचं, आणि दाजींची बायको त्याची सख्खी धाकटी बहीण. गाडीची ताकद वाढवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं. "मोठ्यात हवा भरायला वेळ लागतो. पाय दाबला की गाडी आधी विचार करते, मग पळते."

"मागच्या वर्षी तर म्हणाला होतात, मोठा तो मोठाच!"

दादाने फडक्याला हात पुसले. हात स्वच्छच होते.

समोर दाजींची गाडी बंपर काढून उभी होती. आठ महिन्यांपूर्वी ती खांबावर आदळली, तेव्हापासून दादाच तिला परत उभी करत होता. आता इंटरकूलर तेवढा राहिला होता. दाजी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचा मोडलेला उजवा पाय एका लोखंडी तुकड्यावर टेकलेला होता. हातभर लांबीचा तो तुकडा दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे पडलेला असायचा. दाजी येत, त्याच खुर्चीत बसत, त्याच तुकड्यावर पाय ठेवत. "बरोब्बर उंचीचा आहे बघा," म्हणत.

बहीण गाडीची किल्ली बोटात फिरवत उभी होती. हल्ली घरची दुसरी गाडी तीच चालवायची.

"घ्या, मोठाच घ्या," ती म्हणाली. "एक पाय शिल्लक आहे अजून."

"चिमे!"

"काय चिमे? चाळीसच्या स्पीडला कुणाची नडगी तीन ठिकाणी मोडते का रे दादा? डॉक्टरसुद्धा हसले. पाय गेला तो गेला, पण या माणसाला खरं काही बोलवत नाही!"

सुरुवातीला दाजी शपथा घ्यायचे. चाळीस, फार तर पंचेचाळीस, आईशप्पथ. आता मात्र ते पायाकडे बघत नुसतं म्हणाले, "असेल गं. जास्तही असेल. मला तरी कुठे नीट आठवतंय?"

दादाने नजर गाडीकडे वळवली.

बंपरच्या आत एक आडवा लोखंडी दांडा असतो. दिसत नाही, पण आपटली गाडी की पहिला मार तो खातो. मोठा इंटरकूलर बसेना, तेव्हा दादाने ग्राइंडर घेऊन त्याचा मधला हातभर भाग उडवला होता. सगळेच उडवतात. दाजींना सांगायचंही त्याला सुचलं नव्हतं, इतका तो आपल्या कामावर खूश होता. आणि खांब लागला तो नेमका मधोमध. गाडी ओढून आणली दादानेच, नवा दांडा घातला दादानेच, त्यामुळे कुणी आत डोकावलं नाही. कापलेला तुकडा मात्र त्याच्याने टाकवला नाही. तो दाराशीच राहिला, दाजींच्या पायाखाली.

दाजी काठी टेकत उठले. टेप घेऊन त्यांनी मोठा इंटरकूलर मापला, मग गाडीपुढे जाऊन जागा मापली. पुन्हा मापली.

"दादा, हा बसत नाही हो. दांडा आडवा येतोय." ते परत येऊन खुर्चीत बसले आणि सवयीने पाय तुकड्यावर ठेवला. "मग तेव्हा कसा बसला होता?"

थाप तयारच होती. त्या इंटरकूलरचा आकारच वेगळा होता, असं म्हटलं की संपलं. दाजी काय, कुणीही मान डोलावली असती.

"त्याचा आकार..." दादाने सुरुवातही केली.

"अहो, कशाला डोकं लावताय?" बहीण मध्येच म्हणाली. "दादा छोटा म्हणतोय ना, मग छोटा. तुमच्या जिवाची काळजी तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त आहे."

लाजेने दादाचे कान तापले. आठ महिने हा भला माणूस स्वतःच्या घरात खोटारडा म्हणून राहतोय, आणि आपण त्याला पाय ठेवायला काय दिलं, तर हे.

तो खाली वाकला. दाजींचा पाय त्याने दोन्ही हातांनी उचलून हळूच जमिनीवर ठेवला. तुकडा घेतला, गाडीपाशी गेला आणि नव्या दांड्याच्या मधोमध धरला. तीच रुंदी, तोच बाक, भोकांची तीच रांग.

"मी कापला होता," तो म्हणाला. "मोठा बसावा म्हणून."

दादाने बहिणीकडे पाहिलं.

"ते चाळीसलाच होते, चिमे. मध्ये दांडाच नव्हता."

बोटात फिरणारी किल्ली थांबली होती. दाजी त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"मी सांगत होतो," ते म्हणाले. इतक्या हळू, की कुणाला सांगतायत ते कळेना.

बहिणीने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. दाजींच्या समोर फरशीवर ती मांडी घालून बसली आणि त्यांचा पाय उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला. दादा तुकडा हातात धरून तसाच उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.