लांब आरसे

घर विकलं होतं. आता आमचा संसार कॅरॅव्हॅनमध्येच चालणार होता आणि ती ओढायला भरवशाची डिझेल यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली दणकट गाडी, हवी होती. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाच्या चढावर एक चालवून पाहिली. कॅरॅव्हॅन घरीच होती. तरी माझ्या नवऱ्याने, डेसने, कॅरॅव्हॅन ओढताना मागचं दिसावं म्हणून लावतात ते लांब आरसे सवयीने यूटला लावलेच.

रिकामी गाडी चढावर धापा टाकू लागली.

"माझ्याहून म्हातारी दिसतेय!" गाडी चालवणारा डेस म्हणाला.

"काका, काल तर पळत होती," मागच्या सीटवर बसलेला विक्रेता पुटपुटला.

मी माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. आमची कॅरॅव्हॅन मागोमाग येत होती. वळून पाहिलं, तर रस्ता मोकळा होता.

पुन्हा आरशात पाहिलं. कॅरॅव्हॅनच्या उघड्या दारात डेस उभा राहून थांबायला खुणावत होता.

"हीच घेऊ या गं," स्टिअरिंगवरचा डेस म्हणाला.

गाडी एकदम हलकी झाली, आणि आरशातला डेस कॅरॅव्हॅनसकट मागे पडून लहान लहान होत गेला.