अंगठा बाहेर
लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप मी आणि गिरणीतल्या धाकूनं भांडुपच्या चाळीमागे हौसेनं दुरुस्त केली. हँडल फिरवून ती सुरू करताना धाकू अंगठा हँडलभोवती आवळायचा. इंजिननं उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, म्हणून मी दरवेळी ओरडायचो, "अंगठा बाहेर, धाकू!" ब्याऐंशीच्या संपात आम्ही संपकरी गिरणीच्या गेटवर बसलो असताना आमचीच गाडी आली, समोरच बंद पडली. ताडपत्रीखाली संप फोडून कामावर निघालेली माणसं लपली होती, स्टिअरिंगवर धाकू. "गाडी ह्यासाठी दुरुस्त केली रे, धाकू?" "घरी चूल पेटत नाही, दादू." "माझी पेटते काय?" तो हँडल घेऊन उतरला. "हँडल मार ना, यार. तुझंच ऐकते ती." मी हात पाठीमागे घेतले. त्यानंच हँडल आवळलं, अंगठ्यासकट, आणि माझ्या ओरडण्याची वाट पाहिली. मी तोंड उघडलं नाही.