दुसरं वाक्य

माझ्या सिनेमातला मंत्री बंद गिरणीच्या जागेवर मॉलची फीत कापत होता आणि सोलापूरचं थिएटर हसत होतं. शेजारी यल्लप्पाकाका आणि त्यांची नात बसली होती. चाळीस वर्षं माग चालवून काकांचे कान गेलेले. माझ्या हातात लाल बावटा त्यांनीच दिला होता.

पडद्यावर म्हातारा कामगार मंत्र्यासमोर आला. "साहेब, तुमचे लई उपकार झाले," आवाज घुमला.

काकांनी टाळी वाजवली. "शाब्बास! 'गिरणी कुणी विकली?' असं तोंडावर विचारलंस की रे!"

मागांच्या खडखडाटात ही माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची. शूटिंगला काकांनी वाचलेलं हेच वाक्य होतं. नंतर सरकारी अनुदान अडकेल म्हणून मीच त्यावर दुसरं डब करून घेतलं. कुणी सांगितलंही नव्हतं.

मध्यंतरात काका दिसेल त्याला सांगत सुटले, "आपल्या पोरानं मंत्र्याला विचारलं!" मग नातीकडे वळले. "होय ना गं?"

तिला ऐकू येत होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्यांच्याकडे तोंड करून "हो आजोबा, विचारलं," असे नुसते ओठ हलवले.

आवाज तिनंही काढला नाही.