चुकलेल्या बाराचा माग

"परत सांग," हंबीरराव म्हणाले.

जिनपालनं पुन्हा घोकलेलं म्हणून दाखवलं. बांध ओलांडताना बंदूक मोडायची, काडतुसं बाहेर काढायची. जनावर सबंध दिसल्याशिवाय चापावर बोट न्यायचं नाही. शिट्टी झाल्याशिवाय जागा सोडायची नाही.

"आन् बार चुकला तर?"

"गोळी कुठं गेली ते ज्याचं त्यानं जाऊन बघायचं."

"का?"

हंबीररावांनीच पुढं सांगितलं.

"डुकराला लागलेली गोळी डुकरात ऱ्हाती. चुकलेली कुठं जाती ते कुणी सांगावं? म्हणून आधी मागं काय हाय ते बघ, मग डुकराकडं बघ."

हंबीरराव पासष्टची लढाई बघून आलेले सुभेदार. त्यांच्या हाताखाली शिकल्याशिवाय गावात कुणाच्या हाती बंदूक पडत नसे, आणि शिकवणी अशी कडक की शाळेतले मास्तर त्यांच्यापुढं गरीब गाय वाटावेत.

जिनपालला काहीएक शिकायचं नव्हतं. पण जयसिंगपूरपासून नदीकाठापर्यंत रानडुकरांनी उसात धुमाकूळ घातला होता. खुरपणीला गेलेल्या तानाबाईची मांडी एकानं सुळ्यानं फाडली, तेव्हा गावानं ठरवलं: पाळीपाळीनं प्रत्येक घरातला एक माणूस बंदुकीवर बसेल. आज दादासोंच्या घराची पाळी होती.

दादासो म्हणजे जिनपालचे वडील. रोज बस्तीत, म्हणजे देवळात, पूजा करणारे, पाणी गाळल्याशिवाय न पिणारे जैन शेतकरी. त्यांची पीकराखण म्हणजे तेलाचा एक रिकामा डबा आणि काठी. माळ्यावर बसून बडवत राहायचे. गाव हसायचं. डुकरंही हसत असावीत.

"डुकरं आम्ही मारायची आन् ऊस तुमचा वाचायचा, व्हय?" हंबीररावांनी चावडीवर विचारलं होतं. "पाळी चुकवलासा तर तुमच्या फडाला कोण कोयता लावतंय ते बघतोच मी."

घरी आईनं वेगळाच पेच घातला. राजमतीनं पोराला बस्तीत नेऊन देवापुढं उभं केलं आणि नेम घ्यायला लावला. "शिकारीला जा. पर तुझ्या हातनं जीव जायाचा न्हाय." हे जमवायचं कसं, ते काही माउलीनं सांगितलं नाही. जिनपालला अन्न गोड लागेना.

अप्पांनी, म्हणजे दादासोंनी, सकाळी तेवढं विचारलं, "कुठं बसवल्यात तुला?"

"ओढ्याच्या तोंडाला. बाभळीखाली."

"आन् डुकरं कुठनं येतील?"

"समोरच्या फडातनं. का वो अप्पा?"

"काय न्हाय. तुझ्यावर येळ यायची न्हाय, बघ." एवढं बोलून खांद्यावर उपरणं टाकत ते बाहेर पडले. बस्तीत गेले असतील, असं आई म्हणाली.

आता जिनपाल बाभळीखाली बसला होता. पाठीत काटे, पुढ्यात दुनळी बंदूक. उजव्या हाताला बांधावर हंबीरराव. शिट्टीशिवाय हलायची सोय नाही. फडाच्या पलीकडून हाकाऱ्यांची आरडाओरड सुरू झाली, डबे वाजू लागले, आणि जिनपालला वाटलं, हा हाका डुकरावर नाही, आपल्यावरच उठवलाय. मारलं तर आई तोंड बघणार नाही. सोडलं तर उभा ऊस वाळून जाणार.

तेवढ्यात त्याला सुचलं. इतकं सोपं की आधी का सुचलं नाही म्हणून त्याला स्वतःचाच राग आला. बार काढायचा, पण चुकवायचा! नवख्याचा नेम चुकतोच. गाव चार दिवस हसेल. हसू दे.

ऊस सळसळला. डुक्कर बाहेर आलं आणि थबकलं. सबंध दिसत होतं. मागं ओढ्याची उंच मातीची दरड. हंबीररावांनी शिकवताना काढून दाखवलं असतं तसंच, अगदी अचूक.

जिनपालनं नळी डावीकडं वळवली. तिथं घाणेरीची दाट जाळी होती. तिकडं कुणालाही बसवलेलं नव्हतं, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानं डोळे मिटले आणि चाप ओढला.

धडाड्! लांब हाकाऱ्यांचे डबे वाजत होतेच. त्यातच जवळ कुठंतरी एक डबा ठण्णकन वाजला. डुक्कर ओढा ओलांडून पार झालं.

शिट्टी झाली. हंबीरराव तणतणत आले. "आरं, हुबं ऱ्हायलं हुतं की तुझ्या म्होरं! आंधळ्यानं पाडलं असतं!"

जिनपालनं मान खाली घातली, ती हसू लपवायला. त्याला नाचावंसं वाटत होतं. नेमही राहिला, ऊसही राहिला. केव्हा एकदा घरी जाऊन अप्पांना सांगतोय असं त्याला झालं होतं.

"दात काय काढतोस? जा, गोळी कुठं गेली बघून ये. तुझा बार, तूच बघायचास."

"जातो की, मामा."

त्यानं शिकवल्याप्रमाणं बंदूक मोडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि मनातल्या मनात णमोकार म्हणत जाळीकडं निघाला. काटेरी फांद्या बाजूला करत आत वाकला.

आधी त्याला तेलाचा डबा दिसला. मधोमध भोक पडलेला. तो वाजवायला उचललेली काठी अप्पांच्या मुठीत अजून तशीच होती.