झालं माझं

ताईच्या पत्राला शिंप्यानं उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनांच्या खाली पडून होतं. जेवायला बसलं की त्याला ते आठवायचं.

'धाकट्या,' ताईनं लिहिलं होतं, 'चार घासांत पोट भरायला लागलं तेव्हा मी खूश होते. वाटलं, म्हातारपणी का होईना, जीभ ताब्यात आली. आता डॉक्टर म्हणतात, तेव्हाच यायला हवं होतं. अप्पा आठवतात ना? तेही शेवटी शेवटी "झालं माझं" म्हणून ताटावरून उठायचे. तुझं जेवण कसं आहे ते कळव. लपवू नकोस.'

पत्र आलं तेव्हा शिंपी हसला होता. त्याच्या जेवणाची चौकशी करायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती.

आज भात होता, तळलेला मासा होता. मुलगी सुट्टीची जेवायला आली होती. ती आहारतज्ज्ञ. भूक लागली की जेवा, चव घेत जेवा, पोट 'पुरे' म्हणालं की थांबा, एवढंच ती लोकांना शिकवायची.

"बाबा, हात थांबवा जरा. घाई नाही. आता पोटाला विचारा."

शिंप्यानं हात थांबवला. पोटाला विचारावं लागलंच नाही. बरगड्यांच्या खाली कुणीतरी आतून दार लावून घेतलं होतं.

"झालं माझं," तो म्हणाला आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. अगदी वडिलांचा, अप्पांचा आवाज होता तो.

"आई, बघितलंस? अर्धा मासा ठेवलाय! बाबांनी!"

"बघतेय." बायको हसली. "लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आधी तू जेवून घे, मग ह्याला वाढ. नाहीतर जन्मभर उपाशी राहशील."

"ती भूक नव्हती गं, सवय होती. बाबा, कसं वाटतंय? जड नाही ना?"

"नाही."

"तृप्त?"

त्यानं लेकीकडे पाहिलं. तिनं दवाखान्यात पाटी लावली तेव्हा शेजारी म्हणाले होते, आधी बापाच्या पोटाचं कोठार आवर, मग गावाला शिकव. आज तिचा चेहरा कसा उजळला होता.

"तृप्त," तो म्हणाला.

"उद्यापासून येईल त्याला तुमचंच उदाहरण देणार मी."

"पूर्वी ह्यांच्या ढेकरानं शेजारचं तान्हं जागं व्हायचं," बायको म्हणाली. "हल्ली ढेकरसुद्धा नाही." ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. ताटातल्या अर्ध्या माशाकडे बघत राहिली. "अहो, अन्नावर वासना आहे ना तुमची?"

"आई, काहीही काय!"

"नाही गं, पण मग ह्यांची पँट कशी सैल होत नाही? एवढं कमी खाऊन?"

"होईल," शिंपी म्हणाला आणि उठता उठता त्यानं शर्ट खाली ओढला. हल्ली तो शर्ट पँटीत खोचत नसे.

पुढच्या खोलीतच त्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकं गेली की तो दार लोटून स्वतःचीच पँट उसवत बसे. मागची शिवण आत घ्यायची, पुन्हा टीप मारायची. पुन्हा सैल झाली की पुन्हा उसवायची. गिऱ्हाइकाला त्यानं असं कधी करून दिलं नव्हतं. 'इतकी कंबर आत घेतली की मागचे दोन्ही खिसे जवळ येतात, साहेब. आजाऱ्याची पँट वाटते. त्यापेक्षा नवी शिवा.' हे वाक्य त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात बसून पाठ झालं होतं.

हात धुऊन तो तिथं आला आणि त्यानं यंत्राचा खण उघडला. ताईच्या पत्राबरोबर अर्धवट उत्तरंही तिथंच होती. 'ताई, माझं जेवण उत्तम आहे' एवढं लिहून प्रत्येक वेळी हात थांबला होता. त्यानं कोरा कागद घेतला.

'ताई, झालं माझं, असं आता मीही म्हणतो. तुझ्या डॉक्टरांचा पत्ता पाठव. घरात अजून बोललेलो नाही. पोर फार आनंदात आहे.'

पुन्हा वाचलं तर हे पाठवणं व्हायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं पाकीट चिकटवलं आणि चपला घातल्या.

टपालपेटी समोरच, रस्त्यापलीकडे होती. आत मुलगी गुणगुणत भांडी घासत होती. बायको त्याचं उष्टं ताट मांजराला घालायला दारात आली. तिला तो पाठमोरा दिसला. पेटीचं तोंड उंचावर होतं. त्यानं हात वर केला, तसा शर्टही वर गेला.

मागचे दोन्ही खिसे एकमेकांना चिकटले होते.

पाकीट पेटीत पडलं. मांजर पायाशी येऊन ओरडू लागलं. बायको ताट हातात धरून तशीच उभी होती.