पहिली ओळ

"निजेच्या गावाची वाट किती लांब..."

एवढी एकच ओळ. पाळण्यात असताना ऐकलेली, सायीसारख्या मऊ आवाजातली. हा आवाज कुणाचा, असं तिने विचारलं की आई म्हणायची, "असेल शेजारपाजारची कुणी. माझा गळा म्हणजे फुटकं मडकं." आणि खरंच, आईला कधी गुणगुणतानाही तिने ऐकलं नव्हतं.

पुढे ती ग्रंथालयात लागली. घरबसल्या शोध कसा घ्यायचा, ते शिकवणारे ऑनलाइन धडे ती बनवायची. जुन्या गाण्यांच्या संग्रहात तिने ती ओळही शोधून पाहिली. हाती काही लागलं नाही.

नवा धडा देखणा होता, पण लोक अर्ध्यातून उठून जात. वरिष्ठ बाई म्हणाल्या, धडा शहाणा आहे गं, पण समोरच्याची विचारपूसच करत नाही. मग तिने सगळा धडा उसवला आणि सुरुवातीला एकच प्रश्न ठेवला : तुमचं काय हरवलंय?

त्यांच्याकडे रीत होती. नवा धडा आधी एखाद्या नवख्या माणसापुढे ठेवायचा. बनवणाऱ्याने मागे बसायचं आणि हूं की चूं करायचं नाही. रविवारी दुपारी तिने आईलाच बसवलं.

"माझं काय डोंबल हरवलंय, चष्मा सोडला तर?" आई म्हणाली. पण लेकीच्या हौसेखातर बसली. तांदळातले खडे वेचावेत तशी एकेक अक्षर वेचू लागली. 'अंगाई.'

नोंदींचा ढीग आला. धडा म्हणाला, फार आलं का? मग असे शब्द द्या, जे फक्त तुमच्याच गोष्टीत आहेत.

आईचं बोट अधांतरी थांबलं. लेकीच्या जिभेवर मदत आली होती, ती तिने गिळली. आईने भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिने लिहिलं :

'वाऱ्या रे वाऱ्या, उंबऱ्याशी थांब.'

एकच नोंद उरली. संग्रहात प्रत्येक गाणं फक्त त्याच्या पहिल्या ओळीवरून नोंदलेलं होतं. लेकीकडे जन्मभर त्याच गाण्याची दुसरी ओळ होती.

आईने बटण दाबलं. आधी खरखर झाली. मग वारा उंबऱ्याशी थांबला आणि मागोमाग निजेच्या गावाची वाट आली, त्याच सायीच्या आवाजात. एक तान्हं बाळ रडत होतं. ओळीओळीने त्याचं रडणं निवत गेलं. भरदुपारी ती खोली पाळण्यासारखी हलते आहे असं लेकीला वाटलं.

गाणं संपल्यावर आई हळूहळू बोलली. एक माणूस आवाज टिपायची पेटी घेऊन दारी आला होता. संध्याकाळी बाबांना ते कळलं. घरातला आवाज परक्याच्या पेटीत गेला म्हणून त्यांनी अन्नाला हात लावला नाही. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

पडद्यावर नोंद तशीच होती. 'गाणारी : अज्ञात.'

आईने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"अज्ञात कशाला? माझं नाव घाल तिथे," ती म्हणाली. "आणि ते रडणं तुझं आहे."